स्टेशन सातची अंडी

२ मार्च, सकाळी ९.१०
आजपासून रोज नोंद. कोणी वाचावं म्हणून नाही. लिहून ठेवलेलं बरं असतं, एवढंच.

परिस्थिती अशी. माझी पीएचडीची नोंदणी ३१ मार्चला दुपारी चार वाजता संपते. मुदतवाढ दोनदा मिळाली, तिसरी नसते. चारच्या आत प्रबंध विद्यापीठाच्या खिडकीत गेला नाही, तर सहा वर्षं रद्द.

उरलेलं काम: बाटल्या २४. एकेका बाटलीत समुद्रात एका ठिकाणी जाळं ओढून मिळालेला सगळा प्लँक्टन. त्यातून माशांची अंडी वेगळी काढायची आणि मोजायची. अंडं साधारण एक मिलिमीटरचं. रोज चार बाटल्या. २४ भागिले ४, सहा दिवस. ८ तारखेपासून मी मोकळी.

घाबरण्यासारखं काही नाही. नाडी ९६. जिना चढून आले होते.

४ मार्च, संध्याकाळी ६
दोन दिवसांत एक बाटली. सुरुवातीला सरासरी कमीच दिसते. उद्यापासून रोज पाच.

लॅबमधल्या मावशी बावीस वर्षं इथे बाटल्या धुतात, लेबलं लावतात आणि बोलतात. आज बोलण्याचा विषय माझा चेहरा होता. म्हणाल्या, अगं, फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्यासारखी दिसायला लागलीस. मी ऐकून घेतलं. वेळ गेला: अकरा मिनिटं.

६ मार्च, दुपारी १
आईचा फोन. झालं का, असं विचारलं. जवळजवळ, असं सांगितलं. आई म्हणाली, जवळजवळ हे मी तुझ्या भावाच्या लग्नापासून ऐकतेय, त्याची मुलगी आता शाळेत जाते. हा युक्तिवाद नाही, दोन घटना शेजारी ठेवणं आहे. तसं तिला सांगितलं. तिने फोन ठेवला. रेंज गेली असावी.

बाटल्या: एकूण तीन. रोज सहा करायच्या.

७ मार्च
पाचवं प्रकरण पुन्हा वाचलं. भक्कम आहे. आज मन थोडं हललं होतं म्हणून मुद्दा इथे लिहून ठेवते.

माझ्या प्रबंधातला मासा खाडीच्या तोंडाशी अंडी घालतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण अठरा वर्षांपूर्वी माझ्या सरांनी एक पेपर लिहिला, की किनाऱ्यापासून वीस किलोमीटरवर, खुल्या समुद्रातही त्याचं विणीचं ठिकाण आहे. त्याच पेपरमुळे सर हे सर झाले. त्यानंतर बाहेरच्या दोन टीम येऊन गेल्या, त्यांना तिथे एकही अंडं मिळालं नाही. मला मिळतात. ते ठिकाण म्हणजे माझं स्टेशन सात, जाळं ओढायची सातवी जागा. दर फेरीला चाळीसच्या वर अंडी. प्रबंधाचं शीर्षकच त्यावर आहे. स्टेशन सात आहे तर प्रबंध आहे.

बोटवाल्या काकांचं मत वेगळं आहे. त्यांच्याच बोटीतून मी सहा वर्षं जाते. ते म्हणतात, ताई, तिथे आम्ही जाळं टाकतच नाही, तिथे कधी गाभोळी असलेला मासा लागला नाही. एका माणसाचं निरीक्षण. वय एकसष्ट, नोंदवही नाही. ग्राह्य धरता येत नाही.

१० मार्च, दुपारी ३.४०
आजचा दिवस महत्त्वाचा.

बाटल्या तेराच झाल्यात, पण मोजलेले आकडे सहज आलेखावर मांडले. किनाऱ्याजवळच्या स्टेशनांवर अंडी सरासरी १४. मधल्या स्टेशनांवर २९. सातवर ४३. सरळ रेषा. इतकी सरळ रेषा मी सहा वर्षांत पाहिली नव्हती. जितकं दूर आणि खोल, तितकी अंडी जास्त. निसर्ग कधी कधी फार सुबक वागतो.

हे माझ्या पद्धतीचं फळ आहे. जाळं वर आलं की अंडी जाळीला चिकटून राहतात, म्हणून जाळ्याच्या तोंडातून आत पाणी मारून ती खालच्या बाटलीत उतरवायची. बाकीचे लोक अंदाजाने पाणी मारतात. मी बादल्या मोजते आणि वहीत लिहिते. किनाऱ्याजवळ एक बादली पुरते. पुढे जेलीफिशचा चिकटा वाढतो, तिथे दोन. सातवर तीन. प्रत्येक बादली वीस लिटर. वहीत त्यासाठी वेगळा कॉलम आहे. असा कॉलम दुसऱ्या कोणाच्या वहीत दाखवावा.

मावशींना रेषा दाखवली. म्हणाल्या, छान आहे, पट्टीने काढलीस का.

१२ मार्च, सकाळी ११.२०
सरांना रेषा दाखवली. सर उठून उभे राहिले. मी गेल्यावर सर उभे राहण्याची ही पहिली वेळ. म्हणाले, अठरा वर्षं लोक मला पाण्यात पाहत होते, आता बघू म्हणावं. मग म्हणाले, स्टेशन सातच्या जिवंत अंड्याचा एक चांगला फोटो मिळव, प्रबंधाच्या पहिल्या पानावर टाकू. एकच फेरी मार.

शिवाय मी स्वतःहून ठरवलं की या फेरीत ब्लँकही घ्यायचा. म्हणजे जाळं समुद्रात न टाकताच डेकवर टांगायचं, नेहमीसारखं धुवायचं आणि ते धुवण तपासायचं. त्यात शून्य येतं. शून्य आलं की परीक्षकाचं तोंड बंद. ब्लँक कोणी घेत नाही. मी घेणार.

१४ मार्च, संध्याकाळी ५
समुद्रफेरी. वारा जास्त होता. मला बोट लागत नाही. आज दोनदा उलटी झाली ती सकाळच्या ब्रेडमुळे. तिसरीही त्याच ब्रेडमुळे.

ब्लँक जाताना, खाडी सोडल्यावर लगेच घेतला. तीन बादल्या. काकांनी विचारलं, ताई, जाळं पाण्यात न टाकता धुताय, बरं नाही का वाटत? मी ब्लँकचा अर्थ समजावला. ते म्हणाले, म्हणजे काहीच नाही ते मोजायचं. हो म्हटलं. त्यावर ते सुकाणूकडे गेले.

सातवर जाळं ओढलं, तीन बादल्यांनी धुतलं, जिवंत अंडी मिळाली. फोटो सुंदर आला. अंड्यात तेलाचा थेंब स्पष्ट दिसतो.

१५ मार्च, सकाळी १०.०५
ब्लँक मोजला. ४१.

ब्लँक दूषित झाला असणार. बाटली नीट धुतलेली नसेल. मावशींना विचारलं. त्यांनी दुसरी बाटली धुवायला घेतली. फेकून दिला. एका निकालावरून निष्कर्ष काढायचा नसतो.

१५ मार्च, सकाळी १०.५०
फेकायला नको होता. कचऱ्यात पाहिलं. मावशींनी कचरा नेला होता. मावशी वेळेवर काम करतात हे प्रथमच आढळलं.

१८ मार्च, दुपारी ४
काकांना विनंती करून जेटीलाच उभ्या बोटीवर दुसरा ब्लँक घेतला. नवी बाटली, उकळलेली. नवं झाकण. नवे हातमोजे. तीन बादल्या. लॅबमध्ये येऊन मोजलं.

४४.

दोन्ही ब्लँक दूषित. विलक्षण योगायोग.

बाटल्या: एकूण सोळा. चिंतेचं कारण नाही. जेवण होत नाही, पण त्यामुळे वेळ वाचतो. रोज साधारण सत्तर मिनिटं.

१९ मार्च, सकाळी ११
मावशी माझ्या वहीच्या कव्हरला प्लॅस्टिक घालत होत्या. घालता घालता त्यांनी पान वाचलं. मग विचारलं, हा कॉलम कसला? मी सांगितलं, धुण्याच्या बादल्या. त्यांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. एक बादली, चौदा. एक बादली, तेरा. दोन बादल्या, एकोणतीस. तीन बादल्या, त्रेचाळीस. तीन बादल्या, बेचाळीस. पान उलटलं. तसंच. मग म्हणाल्या, बाई गं, हे पाणी आणतेस कुठून?

मी म्हटलं, डेकवरच्या पिंपातून.

त्या म्हणाल्या, आणि पिंपात?

मी म्हटलं की मला काम आहे. त्या म्हणाल्या, कर.

१९ मार्च, दुपारी २.३०
काकांना फोन केला. केवळ एक शक्यता बाद करायची म्हणून. पिंप कोण भरतं, असं विचारलं. काका म्हणाले, मीच की. पहाटे, निघायच्या आधी, जेटीवरून, बादलीने. तुम्हाला पाणी लागतं ना, ऐन वेळी समुद्रात बोट हलत असताना बादली टाकायची म्हणजे तुमची धांदल. म्हणून मी आधीच भरून ठेवतो. सहा वर्षांत एकदा तरी पिंप रिकामं दिसलं का ताई तुम्हाला?

नाही दिसलं. त्यांचे आभार मानले.

जेटी खाडीच्या तोंडाशी आहे. या माशाची अंडी तरंगतात. पहाटे, वारा नसताना, जेटीच्या आडोशाला ती पृष्ठभागावर गोळा होतात. हे मीच दुसऱ्या प्रकरणात लिहिलंय. पान ३८. आकृतीसकट.

नाडी १३२. बसलेली होते.

२० मार्च
शांतपणे विचार केला. एकदम टोकाला जाण्याची गरज नाही. सातवर सरासरी ४३. पिंपातून येतात समजा ४२. उरलं एक. म्हणजे प्रत्येक फेरीत सातवर एक अंडं खरं आहे. जाळ्यातून एका वेळी तीस घनमीटर पाणी जातं, म्हणजे हजार घनमीटरला तेहेतीस अंडी. विरळ विणीचं ठिकाण, असं म्हणता येईल. विरळ हा शब्द आदरणीय आहे.

२२ मार्च, संध्याकाळी ६.१५
शेवटची फेरी. धुण्यासाठी लॅबमधून गाळलेलं पाणी नेलं, पाच कॅन. स्टेशन सातवर तीनदा जाळं ओढलं. बोटीवरच भिंगाखाली पाहिलं.

शून्य. शून्य. एक.

तो एक नीट पाहिला. हवेचा बुडबुडा होता. टोचल्यावर फुटला.

परत येताना काका स्वतःहून बोलायला लागले. माझा चेहरा पाहून त्यांना वाटलं की मला पुन्हा ब्रेड लागला. विषय बदलायचा म्हणून म्हणाले, हे पिंप बघा किती टिकलंय, तुमच्या सरांच्या वेळचं आहे. ते तुमच्यासारखेच, सडपातळ, पुढच्या टोकाला बसून उलट्या करायचे. त्यांनाही मीच पाणी भरून द्यायचो. ते तर सातवर चार चार बादल्या मारायचे, फार टापटीप माणूस.

सरांच्या पेपरात सातवर ५७ अंडी आहेत. ५७ भागिले ४ म्हणजे १४.२५.

भागाकार बोटीवरच केला. करायला नको होता.

२३ मार्च
लॅबला गेले नाही. तब्येत उत्तम. फक्त पलंगावरून उठण्याचं ठोस कारण सापडलं नाही.

२४ मार्च, सकाळी ९
निर्णय: सरांना सगळं सांगायचं. कसलाही कढ न आणता, आकडे ठेवून. निवेदन लिहून काढलं, पाठ केलं. लांबी चार मिनिटं वीस सेकंद. बाथरूमच्या आरशासमोर म्हणून पाहिलं. तिसऱ्या मिनिटाला थांबून नळ सोडला. चेहरा धुवायचाच होता.

२५ मार्च, दुपारी १२.१०
सरांना सांगितलं. चार मिनिटांचं निवेदन, पण मी पिंप म्हटलं आणि सरांनी हाताने थांबवलं. एकूण एकोणीस सेकंद.

सरांनी टेबलावरचा पेपरवेट एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवला. मग म्हणाले, मला दुसऱ्या वर्षीच शंका आली होती. तोवर पेपर छापून आला होता, लोक हार घेऊन दारात होते. मग म्हणाले, मला निवृत्त व्हायला चौदा महिने राहिलेत. तुझ्याकडे आठवडाही नाही. जुनं ठेवायचं तर मी सही करतो. खरं लिहायचं तर दोन प्रकरणं फेकून द्यावी लागतील, त्याला वर्ष लागेल, आणि तुझ्याकडे वर्ष नाही. तुला सही हवी की नको, एवढंच सांग.

मी म्हटलं, हवी.

हा होकार नव्हता. प्रश्नाला सर्वांत लहान उत्तर दिलं, एवढंच.

सरांनी सही केली. माझे दोन्ही हात टेबलाखाली होते.

२६ मार्च
मावशींनी विचारलं, सांगितलंस का? सांगितलं, असं सांगितलं. मग काय म्हणाले? सही केली, असं सांगितलं. मावशी बराच वेळ एकच बाटली धूत राहिल्या. मग म्हणाल्या, बाई, मी बाटल्या धुणारी, मला काय कळतं. या वाक्याने त्या काय सुचवू पाहत होत्या ते मला कळलं नाही. तरी दुपारभर तेच वाक्य डोक्यात होतं.

उरलेल्या आठ बाटल्या मोजल्या. एका दिवसात आठ. माझा विक्रम. आकडे रेषेवर बरोबर बसले. सगळे.

२८ मार्च, सकाळी ८.३०
प्रबंधाच्या चार प्रती बांधून आल्या. निळं कव्हर, सोनेरी अक्षरं. वजन प्रत्येकी १.३ किलो. पहिल्या पानावर जिवंत अंड्याचा फोटो. कोणत्या पाण्यातलं, हे फोटोत दिसत नाही.

आत एक छापील प्रतिज्ञापत्र असतं. यातील सर्व निष्कर्ष माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहेत, अशा अर्थाचं. खाली माझी सही लागते. उद्या करीन. पेन बरोबर नव्हतं.

२९ मार्च
तक्ता केला. डावीकडे सादर करण्याची कारणं, उजवीकडे न करण्याची. डावीकडे अकरा. उजवीकडे एक. कारणांना भार द्यायचा ठरवलं. उजवीकडच्या एकाला दहा गुण दिले. तरी डावीकडे अकरा. मग बारा दिले. मग लक्षात आलं की गुण मीच देते आहे.

आईचा फोन. झालं का, असं नाही विचारलं. जेवलीस का, असं विचारलं. हा प्रश्न अनपेक्षित होता. आई म्हणाली, हॅलो, हॅलो, अगं, रडतेस का? सर्दी आहे असं सांगितलं. सर्दी नव्हती.

३० मार्च, संध्याकाळी ५
अंतिम निर्णय. प्रबंध सादर करायचा नाही. मी शास्त्रज्ञ आहे. पिंपाच्या पाण्यावर डॉक्टर व्हायचं नाही. सहा वर्षं गेली तर गेली. हे लिहिताना मन अत्यंत स्वच्छ आहे. हा निर्णय बदलणार नाही. दोनदा अधोरेखित केला आहे.

३१ मार्च, दुपारी १.१५
विद्यापीठात चालले आहे. सादर करायला नाही. नोंदणी रद्द करण्याचा अर्ज कुठे मिळतो ते विचारायचं आहे. चारही प्रती बरोबर घेतल्या आहेत, कारण खोलीत ठेवून आलं की सारखं लक्ष जातं.

दुपारी २.५०
परीक्षा विभाग तिसऱ्या मजल्यावर. बाहेर बाक आहे. बसले आहे. खिडकी इथून दिसते. आत एकच कारकून, केस पांढरे, चहा पीत आहेत. माझ्याआधी दोघे होते, काम करून गेले. दोघांचे चेहरे सामान्य होते. मीही सामान्य दिसत असेन.

दुपारी ३.१०
प्रतिज्ञापत्रावर सही केली. चारही प्रतींवर. केवळ पान कोरं दिसू नये म्हणून. सही केल्याने सादर होत नाही.

दुपारी ३.२५
खाली जाऊन आले. पायऱ्या ५४. निघून जायचं ठरवलं होतं, फाटकापर्यंत गेले होते. पुन्हा वर आले. प्रती जड आहेत, एवढ्यासाठी परत न्यायच्या का, असा व्यावहारिक विचार होता.

दुपारी ३.४५
पुन्हा खाली. या वेळी फाटकाबाहेर. रिक्षात बसले. रिक्षावाल्याने कुठे विचारलं. तो म्हणाला, ताई, उतरा नाहीतर पत्ता सांगा. उतरले.

सहा वर्षं. दोन हजार एकशे नव्वद दिवस. नमुने १४४. उलट्या मोजलेल्या नाहीत.

सादर करते. दुरुस्ती नंतर छापता येते. विरळ हा शब्द घालता येतो. सर निवृत्त झाले की करीन. नक्की करीन. धावते आहे.

दुपारी ४.०३
खिडकी बंद.

काचेतून कारकुनांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. ठोठावलं. एकदा. नंतर आणखी सहा वेळा. काहीतरी मोठ्याने म्हणालेही, काय ते आठवत नाही. त्यात बहुतेक प्लीज हा शब्द होता. त्यांनी आतून पडदा ओढला. पडदा हिरवा होता.

दुपारी ४.४०
बाकावर. प्रती शेजारी.

नोंदीसाठी: मी प्रबंध सादर केला नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. कालच्या निर्णयाप्रमाणेच झालं.

संध्याकाळी ५.०५
आईला फोन केला. शांतपणे सांगितलं, की विद्यापीठात आहे, आकड्यांत दोष सापडला, म्हणून तत्त्वासाठी प्रबंध दिला नाही, सहा वर्षं सोडली. आई ऐकत होती. मग म्हणाली, बरं केलंस बाळा. खोटं नको द्यायला. सरळ घरीच का नाही आलीस मग? तिथे कशाला गेलीस?

मी म्हटलं, आवाज तुटतोय.

तुटत नव्हता.